हमदानच्या थंडीत नारंज

हमदानमध्ये नारंजाचं झाड जगत नाही, हे हमदानमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी जन्मभर याच गावात मुलांना भूगोल शिकवला, त्यामुळे मला कळायला जरा वेळ लागला.

तसा मी झाडाझुडपांतला माणूस नाही. आमच्या अंगणात एक हौद आहे, त्यात पाणी नाही. एक वेल आहे, तिला द्राक्षं नाहीत. आणि एक बाक आहे, त्यावर बसून या दोन्ही गोष्टींकडे बघत मी चहा पितो. निवृत्त माणसाला याहून जास्त काय लागतं? पण सुखी माणसाला मेहुणा असतो, ही निसर्गाची योजना आहे.

माझा मेहुणा कयूमर्स शिराजला असतो. माझी बायको फरांगीस, त्याची थोरली बहीण, तीही तिथलीच. शिराजच्या लोकांना देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या आहेत. नारंजाची, म्हणजे आंबटकडू संत्र्याची, झाडं, आणि ती झाडं बघत बसायला वेळ. दर वसंतात झाडं मोहरली की कयूमर्सचा फोन यायचा. इकडे अल्वंद डोंगरावरून असा वारा सुटलेला असायचा की दोरीवरचे लेंगे ताठ होऊन आपापले चालत घरात येतील, आणि तिकडून हा मधाळ आवाज.

"काको, काय सांगू तुला! अख्खी गल्ली घमघमतेय. डोकं गरगरतंय नुसतं. थांब, फोन झाडाजवळ धरतो. ताईला दे."

शिराजचा माणूस जगातल्या प्रत्येकाला 'काको' म्हणतो. काको म्हणजे भाऊ. असे भाऊ असल्यावर वैऱ्यांची गरज पडत नाही.

आणि माझी बायको, शाळेत गणित शिकवलेली, दुधाचा हिशेब तोंडी करणारी बाई, तो फोन खरोखर नाकाशी धरून डोळे मिटायची. "आपल्या घरच्या हौदाजवळचंच ना रे? बाबांनी लावलेलं?" "तेच गं, तेच." मग त्या संध्याकाळी सुपात मीठ नसायचं.

एका वसंतात मी तिच्या हातून फोन हिसकावला आणि म्हणालो, "कयूमर्स, नारंजाचा वास घ्यायला आता तूच हमदानला ये. आमच्याच अंगणात मोहरणार आहे."

पलीकडून नुसतं "काय?". मग हसू. आधी त्याचं, मग त्याच्या बायकोचं, मग तिच्या आईचं, मग कोण्या परक्या पुरुषाचं. तो रस्त्यावरच्या दिव्यांच्या दुरुस्तीला आलेला असावा, कारण मधेच तो "दिवा लावून बघा" असं म्हणाला आणि पुन्हा हसू लागला. आता एखाद्या माणसाला एक अनोळखी वायरमनसुद्धा हसतो म्हटल्यावर त्यानं काय करावं? झाड लावावं.

त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या मैदानावर फुलझाडांचं प्रदर्शन होतं. तिथे उत्तरेकडच्या समुद्रकाठावरून आलेला एक रोपवाटिकावाला भेटला. त्याचं आडनाव वफादार. वफादार आडनावाच्या माणसाकडून काहीही विकत घेऊ नये असा माझा आता नियम आहे.

"हे नारंज थंडीला भीत नाही ना?" मी विचारलं.

"आगा, थंडी याला भिते! शोभेची खास जात आहे. रशियन लोक बर्फात लावतात."

"रशियात कुठे?" भूगोल अंगात भिनलेला, जिभेवर आलंच.

"थंड भागात," तो म्हणाला. आणि माझं समाधान झालं. मी परीक्षक असताना असल्या उत्तराला शून्य देत असे.

"फळं लागतील?"

"लागतील? वाटता वाटता शेजाऱ्यांशी तुमचे संबंध बिघडतील, एवढी लागतील."

यातलं संबंध बिघडण्याचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

झाड घरी आणलं. कमरेएवढं, चकचकीत पानांचं, बघणाऱ्याला वाटावं की आत्ता बोलेल. फरांगीसनं एक पान चुरगाळलं, बोटं हुंगली, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली. मी याचा अर्थ संमती असा घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी तिच्या गप्प बसण्याचे अर्थ लावतो, ही माझी आशावादी बाजू.

"कुंडीतच ठेवा," तिनं आतून सांगितलं. "थंडीत घरात घेता येईल."

"कुंडीतलं झाड म्हणजे भाडेकरू," मी म्हणालो. "मला मालक हवाय."

खड्डा खणायला घेतला तसं शेजारच्या भिंतीवर डोकं उगवलं. हे डोकं सरहंग देझकाम यांचं. सरहंग म्हणजे कर्नल. निवृत्त होऊन जमाना झाला, पण सैन्य सुटलं तरी हुकूम सुटले नाहीत. हुकूम ऐकायला आता गल्लीत मीच उरलो होतो.

"मास्तर, खड्डा चुकला. डावीकडे घे. आहे तिथे वारा मागून हल्ला करेल."

मी डावीकडे घेतला. समोरच्या हाजी तलअत खानम दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, मुळाशी अंड्याची टरफलं घाला. आणि इस्पंदाची धुरी द्या, दृष्ट लागेल." कोपऱ्यावरच्या नानवाईनं, म्हणजे भाकरीच्या भट्टीवाल्यानं, सांगितलं, कणिक घाला. त्याच्या गिऱ्हाइकानं सांगितलं, कणिक मुळीच घालू नका, नानवाईचं ऐकून माझं जर्दाळू गेलं. मी सगळ्यांचं सगळं घातलं. वसंत आणि उन्हाळा झाड आनंदात होतं. ते नक्की कशानं, यावर गल्लीत चार पक्ष पडले आणि तलअत खानम आणि नानवाई यांचं बोलणं बंद झालं. आमच्या आणि तलअत खानमच्या, दोन्ही घरच्या भाकरी आणायला मग मलाच जावं लागू लागलं.

मग हिवाळा आला. हमदानचा हिवाळा येतो म्हणजे पाहुण्यासारखा येत नाही, जप्तीवाल्यासारखा येतो.

"मास्तर," भिंतीवरचं डोकं म्हणालं, "थंडीत आपण माणसाला कुठे बसवतो?"

"कोर्सीत."

"मग?"

कोर्सी म्हणजे बुटकं चौकोनी टेबल. खाली शेगडी, वर जाड जाड रजया, आणि सगळं घर रजईत पाय घालून भोवती बसलेलं. आमच्या कोर्सीच्या फळीला मध्ये भोक पाडून मी तिच्यातून झाड बाहेर काढलं. शेगडीचा धूर झाडाला सोसणार नाही म्हणून खाली विजेचा हीटर ठेवला. वर फरांगीसच्या माहेरची रजई घातली. तिनं आधी रजईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग म्हणाली, "आणि आपण?"

"आपण कोट घालू."

आम्ही कोट घातले. जेवतानाही घातले. झाड मात्र अंगणात मजेत होतं. वर ताडपत्रीचा मांडव, खाली ऊब. बातमी पसरली आणि लोक झाडाच्या समाचाराला येऊ लागले. आले की बसायचे, बसले की रजईत पाय घालायचे, पाय घातले की चहा मागायचे नाहीत, पण चहा येईपर्यंत उठायचेही नाहीत. सरहंग तर सकाळी वर्तमानपत्र घेऊन ठाण मांडायचे ते अंधार पडायला उठायचे. "पहारा देतोय," म्हणायचे. फरांगीस चहाची किटली घेऊन आतबाहेर करायची आणि मला म्हणायची, "ईरज खान, झाडाला विचारा, साखर किती."

एका बर्फाळ दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी आपापले हीटर एकदम लावले आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत आली नाही. मी रजईवर रजई टाकली, घरातली सतरंजी टाकली, शेवटी माझा कोटही टाकला. सकाळी रजई उचलून पाहिलं तर पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. सरहंगनी टोपी काढली. तलअत खानम संध्याकाळी ताटलीत हलवा घेऊन आल्या, माणूस गेल्यावर वाटतात तो. "देव तुम्हाला धीर देवो," म्हणाल्या. चेष्टा होती की काय, आजतागायत मला कळलेलं नाही. हलवा मात्र उत्तम होता.

मी आठवडाभर बाकावर बसलो नाही.

आणि मग वसंतात, वाळक्या खोडाच्या पार बुडातून, मातीला टेकून, एक हिरवा कोंब आला!

मी ओरडलो. फरांगीस धावत आली, तिला वाटलं मी हौदात पडलो. सरहंग भिंतीवर आले. "मास्तर, अभिनंदन. सैन्य परत आलं."

सैन्य खरोखरच आलं. पहिल्या झाडाला दोन वर्षांत जेवढं वाढायचं होतं तेवढं हे दोन महिन्यांत वाढलं, आणि येताना शस्त्रं घेऊन आलं. एकेक काटा करंगळीएवढा, हिरवा, टणक, टोकाला सुई. पानंही वेगळी. एका देठावर तीन-तीन.

"मास्तर, आधीचं झाड एकपानी होतं ना हो?" तलअत खानमनी विचारलं.

"थंडीमुळे," मी म्हणालो. "थंडीत आपण एकावर एक कपडे चढवतो की नाही?"

"आणि काटे?"

"अनुभवानं येतात."

पुढच्या हिवाळ्यात मी त्याला कोर्सी दिली नाही, कारण रजईला जवळ नेलं की रजई फाटायची. त्यानं पानं गाळली, बर्फ अंगावर घेतला आणि वसंतात पुन्हा फुटलं. त्याच्या पुढच्याही हिवाळ्यात तेच. वफादारला शिव्या घालणारा मी आता त्याचं नाव आदरानं घेऊ लागलो. मग एका वसंतात त्या उघड्या काटेरी फांद्यांवर, पान फुटायच्या आधीच, पांढरी फुलं आली. थोडीच, पण आली! नाक अगदी जवळ नेलं तर वासही होता. नाक अगदी जवळ नेता येत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

मी कयूमर्सला फोन लावला. त्याच्या फोनची वाट न बघता, आधी.

"काको, थट्टा करतोस," तो म्हणाला.

"थांब, फोन झाडाजवळ धरतो," मी म्हणालो. हे वाक्य म्हणायला मी किती वर्षं थांबलो होतो! धरलाही. काटा कानाच्या पाळीत घुसला, तरी मी आवाज काढला नाही. मानी माणूस असा असतो.

"मग पुढच्या नौरोजला, नव्या वर्षाला, येतोच बघायला," कयूमर्स म्हणाला.

हे ऐकून मला व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही.

उन्हाळ्याअखेर फळं आली. लिंबाएवढी, पिवळी, अंगावर पिचासारखी लव. मी एक चाखलं. चवीचं वर्णन करत नाही, घरात बायकामुलं पुस्तकं वाचतात. एवढंच सांगतो की जीभ दातांना चिकटली, दात ओठांना, आणि दिवसभर मला कुणाशी वाद घालता आला नाही. फरांगीसनं त्यांचा मुरंबा केला, म्हणजे पातेलं कायमचं गेलं.

फांद्या एव्हाना भिंतीवरून गल्लीत झुकल्या होत्या. शरदात एके दिवशी सरहंग देझकाम जुन्या मित्राच्या सत्काराला गणवेश चढवून निघाले. वाटेत झाडानं त्यांना थांबवलं. ते निघाले, विजार राहिली. म्हणजे पूर्ण नाही, पण सत्काराला जाण्याइतकी उरली नाही. सरहंगनी माझ्याशी बोलणं थांबवलं नाही, फक्त नगरपालिकेत तक्रार दिली. वर भिंतीवरून सांगितलंही, "मास्तर, मनाला लावून घेऊ नकोस. शिस्त म्हणजे शिस्त."

नगरपालिकेची नोटीस आली. गल्लीत आलेल्या फांद्या ताबडतोब छाटा. मी कात्री घेऊन बाहेर आलो तर दारात एक तरुण बाई उभ्या. उद्यान खात्याच्या इंजिनियर, शकीबा खानम. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांना मागणी घालायला आलो होतो.

"आगा सोतूदे, हे तुम्ही लावलंत? हमदानमध्ये? कमाल आहे!"

"नारंज आहे," मी नम्रपणे म्हणालो. "थंडीला न भिणारं."

"नाही हो. नारंज होतं. कलम होतं ते. वर नारंज, बुडाला हे. ही तीन पानांची काटेरी जात. भावकी नारंजाचीच, पण नारंज नव्हे. तुमचं वरचं थंडीत मेलं, बुडाचं जगलं. कुंपणाला, शोभेला लावतात लोक. थंडीला मात्र खरंच भीत नाही."

"म्हणजे विकणारा खोटं नाही बोलला," मागून फरांगीस म्हणाली. "थंडीत जगणारं झाडच दिलं त्यानं. वरचं नारंज भेट म्हणून."

"खानम," मी शकीबा खानमना म्हणालो, "मी आयुष्यभर भूगोल शिकवलाय."

"हो का? मी झाडं शिकलेय," त्या गोड हसून म्हणाल्या, आणि असलं झाड गावात दुसरं नाही म्हणून त्यांनी खोडाला पत्र्याचा बिल्ला अडकवला. आता परवानगीशिवाय एक फांदीही छाटायची नाही.

म्हणजे नगरपालिकेची एक खिडकी म्हणत होती, छाट, नाहीतर दंड. दुसरी खिडकी म्हणत होती, छाटशील तर दंड. दोन्ही खिडक्या एकाच दालनात होत्या. दोन्ही कारकून एकाच वाडग्यातले साखरेचे खडे घेऊन चहा पीत होते.

"तुम्ही यांना जरा सांगाल का?" मी पहिल्याला विचारलं.

"आमचा व्यवहार टपालानं चालतो," तो म्हणाला आणि वाडगं शेजारी सरकवलं.

तेव्हा मला युक्ती सुचली. युक्ती सुचली की मी दोन दिवस झोपून राहावं असं फरांगीसचं मत आहे. पण मी तिथल्या तिथे तिसऱ्या खिडकीवर गेलो आणि संपूर्ण झाड तोडण्याचा अर्ज मागितला. नौरोजच्या आत झाड गेलं तर कयूमर्सला काय दिसणार? बुंधा! आणि हातात नगरपालिकेचा शिक्क्याचा कागद, की या घरी नारंजाचं झाड होतं. सरकारनं तोडायला लावलं, काको, काय करणार! तू जरा उशिरा आलास.

"झाडाचा प्रकार?" कारकुनानं विचारलं.

"नारंज."

"पण शकीबा खानमच्या टिपणात तर..."

"अर्जदार कोण आहे?"

"तुम्ही."

"मग नारंज लिहा."

त्यानं नारंज लिहिलं. अर्ज समितीकडे गेला. समितीचे एक सदस्य हजला गेले होते, दुसरे ते आल्याशिवाय बसत नव्हते. नौरोज आला, कयूमर्स आला, परवानगी आली नाही.

कयूमर्स येण्याच्या आदल्या दिवशी मी बाजारातून नारंजं आणली. नौरोजला पाण्याच्या वाडग्यात तरंगत ठेवायला लोक नेतातच, कुणाला संशय आला नाही. पण टोपलीभर का, असं फळवाल्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, वाडगं मोठं आहे. फरांगीसच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा घेतला आणि फांद्यांना एकेक फळ बांधू लागलो. सरहंगनी शिडी धरली. फाटक्या विजारीनंतर झाडाबद्दल त्यांना एक प्रकारचा आदर वाटत होता. "उजवीकडे विरळ आहे, मास्तर. कुमक पाठव." काट्यांनी निम्मी फळं भोकसली आणि रस माझ्या बाहीत उतरला. फरांगीस खिडकीत उभी राहून तांदूळ निवडत होती.

"मी काही बघितलेलं नाही," ती म्हणाली. "फक्त एक सांगते. त्या झाडाला पान नाही."

पानांचं काही करण्यासारखं नव्हतं.

कयूमर्स आला तो नव्याकोऱ्या लोकरी सुटात. गळाभेट झाली, गालांचे मुके झाले, आणि मी त्याला अंगणात नेलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"काको, पानं कुठायत?"

"हमदानच्या हवेत पानं आधी गळतात, फळं मागाहून," मी म्हणालो. "अक्षांशाचा प्रश्न आहे."

मी हसण्याची वाट पाहिली. तो हसला नाही. मला हे विचित्र वाटलं. ज्या माणसानं नुसत्या कल्पनेला वायरमनसकट हसून घेतलं, तो प्रत्यक्ष दोऱ्यानं बांधलेल्या नारंजासमोर गंभीर उभा! उलट तो म्हणाला, "छान केलंस. ताईसाठी छान केलंस." आणि डोळे पुसल्यासारखं केलं. मग एकदम उत्साहानं, "आज नौरोजच्या माशावर हेच पिळू या!" म्हणून त्यानं फांद्यांत हात घातला.

हात आत गेला. हात बाहेर आला नाही. त्यानं सोडवायला दुसरा हात घातला. मग मागे सरायला गेला तर कॉलर अडकली. डाव्या कानामागे एक काटा असा टेकला होता की मान वळवणं म्हणजे स्वतःहून टोचून घेणं. नवा सूट चहूबाजूंनी झाडावर टांगल्यासारखा ताणला गेला, आणि मुठीत नारंज, नारंजाला दोरा.

"काको," तो हळूच म्हणाला, "हे शिवलेलं आहे."

मी अक्षांशाकडे वळणार तेवढ्यात फरांगीस आली. हातात छाटणीची कात्री. परवानगीचा विचार तिनं केला नाही. बाहीजवळचा एक काटा तिनं टचकन कापला, आणि भाजी चिरताना बोलावं तसं विचारलं, "कयू, हौदाजवळच्या झाडाला यंदा कळ्या आल्या का रे?"

"आल्या ना. भरपूर."

टचकन आणखी एक काटा. "आणि पायऱ्यांजवळच्या?"

"त्यालाही. लगडलंय नुसतं."

कात्री थांबली. "पायऱ्यांजवळ झाड कधीच नव्हतं."

 सरहंगचं डोकंसुद्धा भिंतीमागे खाली गेलं, यावरून प्रसंग ओळखावा.

"घर कुठाय, कयू?"

"ताई, आधी सोडव, मग सांगतो."

"आधी सांग."

आणि कयूमर्सनं सांगितलं. मान वळवता येत नव्हती, त्यामुळे तिच्याकडे न बघताच. आई गेल्यावर डागडुजीला म्हणून फरांगीसनं सह्या करून दिल्या होत्या. डागडुजी बिल्डरनं केली. आता तिथे चार मजले आहेत आणि हौद होता तिथून गाड्या तळघरात उतरतात. झाडं पहिल्याच दिवशी गेली.

"तुला सांगणारच होतो. पण आईचं नुकतंच झालेलं. तू रडली असतीस. मग वसंत आला, म्हटलं, फोन तर करू. मग दर वर्षी..."

"फोन कुठल्या झाडाला धरायचास?"

"मोठ्या रस्त्यावरच्या. बसथांब्यामागच्या."

"तरीच बसचा आवाज यायचा," फरांगीस म्हणाली. "मी म्हणायचे, आपली गल्ली किती बदलली."

तिनं कात्री एप्रनच्या खिशात टाकली आणि मासा बघायला आत गेली.

"काको, मला सोडव," कयूमर्स म्हणाला.

"कात्री ती घेऊन गेली," मी म्हणालो. हे खरं होतं. कोठीत दुसरी कात्री होती हेही खरं होतं, पण ते मला चहा संपल्यावर आठवलं.

जेवताना तिनं त्याला माशाचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला आणि वर नारंज पिळलं. तो खाता खाता रडत होता. काटा लागला, म्हणाला. दुसऱ्या दिवशी निघून गेला. दारात तिनं त्याच्या कोटाचा फाटका खांदा शिवून दिला, अंगावरच. सुई एकदोनदा खोल गेली असावी, कारण तो एकदोनदा दचकला. पण तो वाकला तेव्हा तिनं त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

यानंतर मी झाडाबद्दल घरात बोललो नाही.  मात्र रोज सकाळी ती चहा घेऊन अंगणात जाऊ लागली, माझ्या बाकावर बसू लागली. मी उभा राहून प्यायचो.

झाड मोहरलं. या वेळी थोडं नव्हे, अंगभर. काटे दिसेनात इतकं पांढरं झालं. आणि नेमका त्याच आठवड्यात, एका गार सकाळी, दारात नगरपालिकेची गाडी थांबली. करवत घेऊन तीन माणसं उतरली. समितीचे सदस्य हजहून परतले होते. परवानगी मंजूर.

मी काही बोलायच्या आत फरांगीस उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला.

"झाड तोडायचं नाही."

"खानम, अर्ज तुमच्याच घरचा आहे," मुकादम म्हणाला.

"माझ्या घरी नव्हते मी तेव्हा."

"कोणत्या घरी?"

"तुम्हाला नाही ठाऊक ते. तिथे तोडायला आले तेव्हा दारात कुणी उभं नव्हतं."

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं. मी हौदाकडे पाहिलं. "खानम, हुकूम आहे," तो काकुळतीनं म्हणाला, "काम न करता गेलो तर मला जाब द्यावा लागतो. गाडीचं तेल जळलंय."

"हुकुमात काय लिहिलंय?"

"नारंज. एक."

"मग या आत. नारंज शोधा. सापडलं तर तोडा."

ती बाजूला झाली. मुकादम भला माणूस. त्यानं खरंच शोधलं. वेलीमागे पाहिलं, रिकाम्या हौदात वाकून पाहिलं. काटेरी झाडासमोर थांबला, पान बघितलं, फूल बघितलं, बोट टोचून घेतलं. "हे नारंज नाही," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. त्यानं कागद काढला, भराभर लिहिलं आणि माझ्यापुढे धरला. "मालकाची सही लागेल. 'या घरात नारंजाचं झाड नाही आणि कधीही नव्हतं.'"

"कधीही?" मी म्हणालो. "हे बघा, एक उन्हाळा होतं. चांगलं कमरेएवढं. गल्ली साक्षीला आहे!"

"आगा, एका उन्हाळ्याला रकाना नाही."

मी भिंतीकडे पाहिलं. सरहंग होतेच. समोरच्या दारात तलअत खानम होत्या, भाकऱ्या घेऊन थांबलेला नानवाई होता. सगळ्यांदेखत, शिक्क्यावर, मी लिहून द्यायचं की मी हमदानमध्ये नारंज लावलंच नव्हतं. मी फरांगीसकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मोहराकडे बघत होती. नाक जवळ नेण्याची तिला गरज पडली नाही, वारा तिच्याच बाजूनं होता.

मी सही केली.

सही करताना माझा हात थरथरत होता, असं सरहंग देझकाम अजून गल्लीभर सांगतात. साफ खोटं. थंडी होती.